जुने प्रोग्राम, नवे संगणक आणि आपले मराठी कागद



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर कसा चालवावा, हा विषय येथे कशासाठी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. कार्यवाहांनी मला बोलावले तेव्हा मीही त्यांना तेच विचारले. ते म्हणाले, "गेल्या वर्षी आपल्या जुन्या व्याख्यानांच्या बाबतीत जे झाले, तेवढे लोकांना नीट समजावून सांगा." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी मंडळाने जुन्या व्याख्यानांतली काही निवडून पुन्हा छापायचे ठरवले. खिळे जुळवून छापलेल्या काळातल्या पुस्तिका कपाटात होत्या. पाने पिवळी पडली होती, पण वाचता येत होती. अडचण आली ती त्यांच्यापेक्षा तरुण पुस्तिकांची. १९९८ सालच्या दोन व्याख्यानांची एकही छापील प्रत मिळेना. एका पावसाळ्यात कपाटात पाणी शिरले, उरलेले वाळवीने पाहिले. दोन्ही वक्ते आता हयात नाहीत. हाती होती ती छापखान्याच्या मालकांनी पूर्वी उतरवून दिलेली एक सीडी. तिच्यावर अक्षरजुळणीच्या फाइली होत्या, पाने लावण्याचा प्रोग्राम होता आणि मराठी टंकलेखनाचे पॅकेजही होते. सीडी वाचली गेली आणि आम्हाला हायसे वाटले. पण कार्यालयातला संगणक लिनक्सवर चालतो, आणि सीडीवरचे सारे प्रोग्राम विंडोजचे. प्रोग्रामवर क्लिक केले तर काहीच घडेना. फाइल दुसऱ्या संपादकात उघडली, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसली.

आपल्या इंदुरातल्या जुन्या घरांना हा अनुभव वेगळ्या रूपात परिचयाचा आहे. अनेकांच्या घरी पणजोबांच्या काळातले मोडी कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण घरात ते वाचणारे कोणी नाही. छपाई देवनागरीत स्थिरावली, पुढे दप्तरांतूनही मोडी गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत घरचेच कागद परके झाले. संगणकावरच्या मजकुराला तेवढाही अवधी मिळत नाही. पंचवीस वर्षे पुरतात.

प्रोग्राम अडतो कुठे?

सर्वसाधारण समजूत अशी, की विंडोजचा प्रोग्राम लिनक्सच्या संगणकाला मुळात कळतच नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. संगणक विंडोजचा असो की लिनक्सचा, आतला प्रोसेसर पुष्कळदा इंटेल किंवा एएमडीचा, म्हणजे एकाच घराण्यातला असतो. दोन संख्यांची बेरीज करा, ही संख्या त्या जागी ठेवा, हे मोठे असेल तर तिकडे जा, अशा आज्ञांना तो प्रोसेसर ओळखतो. त्या आज्ञा कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बसून दिल्या, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

मग घोडे अडते कुठे? प्रोग्राम सगळे स्वतः करत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर चौकट काढणे, अक्षर रेखाटणे, कोणती कळ दाबली गेली ते विचारणे, या कामांसाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे विनंती करतो. विनंत्यांची नावे ठरलेली असतात आणि त्या करण्याची रीतही ठरलेली असते. फाइल उघडायची तर विंडोजचा प्रोग्राम 'क्रिएटफाइल' म्हणून हाक मारतो. लिनक्समध्ये त्याच कामाला 'ओपन' म्हणतात. विंडोजचा प्रोग्राम 'सी' ड्राइव्हवरची फाइल मागतो. लिनक्समध्ये अशी अक्षरांनी ओळखायची ड्राइव्हच नसते, सगळ्या फाइली एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांवर असतात. शिवाय प्रोग्रामची फाइल आतून कशी बांधायची, याची पद्धतही दोन्हीकडे निराळी आहे. म्हणून लिनक्सला ती फाइल उलगडताच येत नाही, आणि उलगडली तरी तिच्यातल्या हाकांना 'ओ' द्यायला कोणी नसते.

कोकणातून नुकत्याच आलेल्या एखाद्या मावशीला आपल्या बाजारात उभे करा. पैसे मोजायला तिला कोणी शिकवावे लागत नाही. ती 'बटाटे' मागते आणि दुकानदार 'आलू' ऐकायला बसलेला असतो. तेवढ्यावरच व्यवहार अडतो.

तीन वाटा

या अडचणीवर तीन वाटा आहेत, आणि तिन्ही जुन्या आहेत.

पहिली वाट अख्ख्या यंत्राची नक्कल करण्याची. तिला एम्युलेशन म्हणतात. नव्या संगणकावर असा एक प्रोग्राम चालवायचा, जो जुन्या यंत्रासारखा वागेल. जुन्या प्रोग्रामची एकेक आज्ञा तो वाचतो, जुन्या प्रोसेसरने तिचे काय केले असते ते ठरवतो आणि तसे करून दाखवतो. १९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० ही नवी संगणकमालिका बाजारात आणली, तेव्हा तिच्यापुढेही हाच प्रश्न होता. अनेक ग्राहकांचे हिशेब जुन्या १४०१ या संगणकासाठी लिहिलेले होते. ते फेकून द्या म्हटले असते, तर नवे यंत्र कोणी घेतले नसते. म्हणून नव्या यंत्रातच जुन्याची नक्कल करण्याची सोय ठेवावी लागली. आज डॉसच्या काळातले प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स याच जातीचा आहे. ही वाट भरवशाची, पण संथ. तीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामला मात्र हा संथपणा जाणवत नाही, कारण आजचा संगणक त्याच्या काळातल्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे.

दुसरी वाट आभासी संगणकाची. प्रोसेसर एकाच घराण्यातला असेल, तर आज्ञांची नक्कल करण्याची गरज उरत नाही. संगणकाच्या आत एक वेगळा कप्पा करायचा, त्याला स्वतःची डिस्क आणि स्मृती आहे असे भासवायचे, आणि त्यात खरीखुरी विंडोज बसवायची. पाहुण्याला घरातच वेगळे बिऱ्हाड थाटून देण्यासारखे हे आहे. आयबीएमने हा प्रकार १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने आणला. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये तो टेबलावरच्या संगणकावर आणला. आज व्हर्च्युअलबॉक्स हा त्यासाठीचा घरगुती वापरातला प्रोग्राम आहे. येथे जवळजवळ सगळे चालते, कारण आत विंडोजच असते. पण ती विंडोज परवान्यासह मिळवावी लागते, आणि एका पानासाठी दोन ऑपरेटिंग सिस्टीमचा भार संगणकाला वाहावा लागतो.

तिसरी वाट दुभाष्याची. आमचे काम तिनेच झाले, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो.

वाइन नावाचा दुभाषा

या दुभाष्याचे नाव वाइन. नाव ऐकून हसू नका. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' या वाक्याची ती आद्याक्षरे आहेत, म्हणजे आपण नक्कल करणारे यंत्र नाही हे त्याने नावातच सांगून टाकले आहे. १९९३ मध्ये बॉब ॲम्स्टॅट यांनी हे काम सुरू केले, आणि १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार त्याची धुरा वाहत आहेत.

वाइन विंडोजच्या प्रोग्रामची फाइल उलगडून स्मृतीत ठेवतो. त्यातल्या बेरजा-वजाबाक्यांच्या आज्ञा थेट प्रोसेसरकडे जातात, तेथे तो हात लावत नाही. म्हणूनच प्रोग्राम रखडत नाही. प्रोग्रामने विंडोजला हाक मारली, की मात्र उत्तर वाइन देतो. विंडोजमध्ये या हाकांना उत्तर देणारी कर्नेल३२, यूजर३२, जीडीआय३२ अशा नावांची ग्रंथालये असतात. वाइनने त्याच नावांची आपली ग्रंथालये लिहिली आहेत. त्यांच्या दारावरची पाटी विंडोजची, पण आत काम करणारा लिनक्सचा. 'सी' ड्राइव्ह मागितली, तर वाइन घरच्या फोल्डरातला एक कोपरा 'सी' म्हणून दाखवतो. प्रोग्रामला आपण परक्या ठिकाणी आहोत हे कळतही नाही.

हे वर्णन सोपे वाटते. प्रत्यक्षात वाइनची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली, म्हणजे सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी. इतका वेळ का लागला? आपण इंदूरकर हे चटकन समजू शकतो. 'बटाटा' म्हणजे 'आलू' हे सांगणे सोपे आहे. घोटाळा होतो तो दोन्ही भाषांत सारखे दिसणाऱ्या शब्दांचा. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड. ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेतही असे शब्द भरपूर आहेत. फाइलीच्या नावातले रोमन अक्षर मोठ्या लिपीतले की लहान, हे विंडोज एरवी पाहत नाही. लिनक्स ती दोन वेगळी नावे मानते. प्रोग्रामने एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षरांत तीच फाइल मागितली, तर दुभाष्याने ती एकच आहे हे ओळखले पाहिजे. अशा हजारो बारीक गोष्टी आहेत, आणि विंडोजचा मूळ मजकूर न पाहता, तिचे वागणे बाहेरून तपासून त्या लिहाव्या लागल्या. विंडोजमध्ये एखादी चूक असेल आणि प्रोग्राम त्या चुकीवर विसंबून असतील, तर वाइनला ती चूकसुद्धा जशीच्या तशी करावी लागते.

या खटाटोपाला मोठे बळ मिळाले ते खेळांमुळे. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ मध्ये वाइनच्याच पायावर प्रोटॉन नावाची जोड काढली, आणि २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या तिच्या स्टीम डेक या हातातल्या खेळयंत्रावर विंडोजचे खेळ लिनक्समध्ये चालतात. मुलांच्या खेळांसाठी झालेली ही मेहनत आपल्या जुन्या फाइलींच्याही कामी येते.

एक गमतीची गोष्ट सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे, विंडोज ३.१ च्या काळातले सोळा बिटांचे प्रोग्राम आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. लिनक्सवरच्या वाइनमध्ये मात्र त्यांतले पुष्कळसे चालतात. मूळ घराने बाहेर ठेवलेल्यांना शेजाऱ्याने घरात घेतले आहे.

उलट दिशेनेही हाच प्रयत्न झाला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय दिली. ती प्रथम दुभाष्याच्याच पद्धतीची होती. २०१९ मध्ये जाहीर केलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती वाट सोडली आणि आभासी संगणकात लिनक्सचा खरा गाभाच बसवला. दुभाषी हलका आणि चपळ असतो, बिऱ्हाड जड पण अचूक असते. कोणते निवडायचे हे कामावर अवलंबून राहते.

आमच्या सीडीचे काय झाले?

सीडीवरचा पाने लावण्याचा प्रोग्राम वाइनमध्ये उघडला. मेनूतली अक्षरे थोडी कापली गेली होती, पण तो चालला. टंकलेखनाचे पॅकेज मात्र उघडेना. ते संगणकाच्या मागच्या छपाईयंत्राच्या खाचेत बसवायच्या एका छोट्या कुलपावाचून चालत नसे, त्याला डोंगल म्हणत. आजच्या संगणकाला ती खाचच नसते. येथे वाइनची मर्यादा दिसते. यंत्राच्या भागाशी थेट बोलणारे ड्रायव्हर, कुलपे आणि नक्कलबंदीचे उपाय यांच्यापुढे दुभाषी बहुधा हात टेकतो.

मग लक्षात आले, की आपल्याला नवे टंकायचे नाही, जुने वाचायचे आहे. त्यासाठी पॅकेज नको, फक्त त्याचा फॉन्ट हवा. तो सीडीवर होता. वाइनच्या 'सी' ड्राइव्हमधल्या फॉन्टच्या फोल्डरात तो ठेवला, फाइल पुन्हा उघडली, आणि पडद्यावर व्याख्यानाचे पहिले पान आले. वक्त्यांना ओळखणारे दोघे-तिघे ज्येष्ठ सभासद शेजारी बसले होते. एकाने पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला आणि मग कोणी काही बोलले नाही.

पण काम तेथे संपले नव्हते. त्या काळच्या मराठी फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागा बळकावलेल्या असत. फाइलीत असते फक्त एक संख्या, समजा १०७. साध्या फॉन्टात १०७ म्हणजे रोमन 'के'. मराठी फॉन्ट बनवणाऱ्याने त्या जागी अर्धा 'क' काढला असेल, किंवा काना, किंवा आणखी काही. म्हणजे मराठी फाइलीत नसतेच, ती फॉन्टात असते. फॉन्ट हरवला की मराठी हरवली. त्यातून प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. युनिकोडमध्ये 'क' ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, मग फॉन्ट कोणताही असो. पण छापखान्यांच्या पानांवर जुने फॉन्ट पुढेही बरीच वर्षे चालू राहिले.

म्हणून आम्ही मजकूर साध्या फाइलीत काढला, जुन्या संख्या आणि युनिकोडची अक्षरे यांचा तक्ता केला आणि त्यावरून रूपांतर केले. तक्त्याने सगळे भागत नाही. जुन्या फॉन्टात 'कि' लिहिताना दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी आणि मग 'क' साठवलेला असतो. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी 'क', मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट. 'अर्थ' मधला रफार जुन्या फाइलीत 'थ' च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र' 'थ' च्या आधी हवा. 'सुऱ्या' आणि 'सूर्या' यांतल्या दोन 'र' चा भेद सांभाळावा लागतो तो वेगळाच. हे नियम यंत्राला शिकवले, तरी शेवटी मुद्रिते माणसांनीच तपासली. आपल्या मंडळातल्या चार भगिनींनी ती दोन्ही व्याख्याने ओळीओळीने वाचली. या वर्षीच्या संग्रहात ती आपल्याला छापील मिळतील.

आपल्या घरी काय करता येईल?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळात टंकलेले काही ना काही असेल : कुलवृत्तांत, आजीच्या आठवणी, एखाद्या गणेशोत्सवाची स्मरणिका. त्यांच्यासाठी काही सूचना करतो.

सीडी किंवा फ्लॉपी आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा. फक्त मजकुराच्या फाइली घेऊ नका. प्रोग्राम, त्याचा परवाना आणि विशेषतः फॉन्टच्या फाइली बरोबर घ्या. आधी वाइन वापरून पाहा. न जमल्यास आभासी संगणक, आणि डॉसच्या काळातले असेल तर डॉसबॉक्स. वाइनमध्ये विंडोजचे व्हायरससुद्धा चालू शकतात, आणि आपले घरचे फोल्डर त्यांच्या हाती लागू शकते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून उतरवलेला प्रोग्राम त्यात टाकू नका. फाइल उघडली की तिची पीडीएफ करा आणि एक छापील प्रतही काढा. पण पीडीएफवर थांबू नका. जुन्या फॉन्टातली पीडीएफ दिसायला उत्तम असते, पण तिच्यातला शब्द शोधता येत नाही, आणि परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला की पुन्हा तीच रोमन रास. मजकूर युनिकोडमध्ये आला, म्हणजेच तो सुटला.

जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालवणे ही सुटकेची युक्ती आहे, कायमचे घर नव्हे. दुभाषी कितीही हुशार असला, तरी आयुष्यभर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. आज वाइनमध्ये उघडणारी फाइल आणखी वीस वर्षांनी उघडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तो चालतो आहे तोवर मजकूर बाहेर काढून घ्यायचा.

मोडीलाही आता युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, २०१४ पासून. पण लिपीला क्रमांक मिळाला म्हणून आपल्या पेटीतले कागद वाचले गेले, असे होत नाही. त्याला वाचणारे माणूस लागते, आणि मोडीच्या बाबतीत ते शोधायला आपल्याला उशीर झाला. १९९८ च्या फाइलींबाबत अजून तसे झालेले नाही. त्या टंकणारे, छापणारे, फॉन्टाचे नाव आठवणारे लोक आज आपल्यातच आहेत. काही तर या सभागृहात बसले आहेत. आपल्याकडे अशी एखादी सीडी असेल, तर येत्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात घेऊन या. आपण बसून ती उघडू.